बॅकअप आहे, पण मशीन परत कधी उभं राहणार?

संशोधन सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो. तुमचं लॅबमधलं मशीन आज संध्याकाळी गेलं तर उद्या सकाळी काय कराल? बहुतेकांचं उत्तर तयार असतं: "काळजी नाही, बॅकअप क्लाउडवर जातो." मग मी विचारतो, तो परत आणायला किती वेळ लागेल? कुठल्या मशीनवर आणणार? क्लाउडचा पासवर्ड कोणाकडे आहे? इथे गाडी अडते.

बॅकअप म्हणजे डेटाची प्रत. डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे डीआर, ही त्या प्रतीपासून पुन्हा चालत्या कामापर्यंत पोचायची वाट. प्रत असून वाट नसेल तर तुमचा डेटा सुरक्षित असतो आणि तुमचं संशोधन बंद असतं. सिनॉप्सिसची तारीख तोंडावर आली की या दोन्हींतला फरक फार महाग पडतो. म्हणून हा लेख. तुम्ही कॉम्प्युटर सायन्सचे असा वा नसा, पीएचडीच्या पहिल्या वर्षात विभागाच्या सर्व्हरवर तुम्हाला एक व्हर्च्युअल मशीन मिळण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याची काळजी शेवटी तुम्हालाच घ्यावी लागणार आहे.

व्हर्च्युअल मशीन, यापुढे व्हीएम, म्हणजे एका मोठ्या खऱ्या मशीनमध्ये राहणारा भाडेकरू संगणक. त्याची डिस्क म्हणजे खऱ्या मशीनवरची एक मोठी फाइल. त्यामुळे अख्खा संगणक एका फाइलसारखा उचलून दुसरीकडे नेता येतो. डीआरचं सगळं शास्त्र या एका सोयीवर उभं आहे. अडचणीही तिथेच सुरू होतात.

वसईत संकट कसं येतं

पुस्तकातली "आपत्ती" म्हणजे भूकंप किंवा आग. आपल्याकडची आपत्ती वेगळी असते, ती हप्त्याहप्त्याने येते. ९ आणि १० जुलै २०१८ आठवा. सलग पावसाने नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरार लोकल बंद पडली, लांब पल्ल्याच्या गाड्या मध्येच अडकल्या. बऱ्याच भागांत पाण्यामुळे वीज बंद ठेवावी लागली. वसईच्या मिठागर वस्तीत लोक अडकून पडले होते आणि त्यांच्यापर्यंत मदत पोचवावी लागली. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला वैतरणा, मध्ये सखल जमीन आणि मिठागरं. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की पाण्याला जायला जागा नाही.

आता यात तुमचा सर्व्हर ठेवून बघा. आधी वीज जाते. लॅबचा यूपीएस मशीन नीट बंद करायला पुरेल एवढाच असतो, आणि बंद करायला कोणी हजर नसेल तर तेही होत नाही. मग ब्रॉडबँड जातं, कारण इमारतीतला स्विच विजेवर चालतो. काही तासांनी मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरायला लागतात. या सगळ्यात लोकल बंद, म्हणजे तुम्ही स्वतः मशीनपर्यंत पोचू शकत नाही. पाणी कदाचित सर्व्हरच्या खोलीत येणारही नाही. मशीन धडधाकट असेल, डिस्क शाबूत असेल, आणि तरी दोन-तीन दिवस तुमच्यासाठी ते नसल्यासारखंच.

१२ ऑक्टोबर २०२० ला तर पूरही नव्हता. पारेषण वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जिथल्या तिथे थांबल्या, मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पूर आलेला नसताना.

म्हणून योजनेचं पहिलं वाक्य लिहिताना "सर्व्हर जळाला तर" असं लिहू नका. "सर्व्हर आहे, पण तीन दिवस कोणी त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही" असं लिहा. आपल्या भागात जास्त वेळा घडणारी गोष्ट ही आहे, आणि तिचं उत्तर आगीच्या उत्तरापेक्षा वेगळं निघतं.

दोन आकडे

डीआरच्या कुठल्याही पेपरमध्ये दोन संज्ञा पहिल्याच पानावर भेटतात: आरपीओ आणि आरटीओ. आरटीओ म्हटलं की आपल्याला विरारचं एमएच-४८ वालं कार्यालय आठवतं, पण इथला आरटीओ म्हणजे रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह: संकट आल्यापासून काम पुन्हा सुरू होईपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ चालेल. आरपीओ म्हणजे रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह: किती वेळाचं काम गमावलेलं चालेल. एक मागे बघतो, एक पुढे.

आरपीओबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. "आम्ही रोज रात्री दोनला बॅकअप घेतो, म्हणजे आरपीओ २४ तास." नाही. समजा रात्री २ वाजता सुरू झालेली प्रत क्लाउडवर पोचायला ५३ मिनिटं लागतात. दुसऱ्या रात्री २ वाजून ५० मिनिटांनी, म्हणजे नवी प्रत पूर्ण व्हायच्या तीन मिनिटं आधी मशीन गेलं, तर हातात उरते ती आदल्या रात्री २ वाजताची स्थिती. नुकसान २४ तास ५० मिनिटांचं. सर्वांत वाईट आरपीओ म्हणजे दोन बॅकअपमधलं अंतर अधिक अपलोडचा वेळ. अपलोड हळू असेल तर हा दुसरा भाग चांगलाच फुगतो.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा तुम्ही वसईच्या किनारपट्टीवरच्या विहिरींचा खारटपणा मोजताय. प्रत्येक विहिरीत सेन्सर, दर पंधरा मिनिटांनी रीडिंग, ते सगळं व्हीएमवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जमा होतं. व्हीएम एकूण ६०० जीबीची. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर ६० जीबी, डेटाबेस ४० जीबी, सेंटिनेल उपग्रहाची चित्रं ३०० जीबी आणि तुमच्या मॉडेलची आउटपुटं २०० जीबी. रोज साधारण ८ जीबी बदलतात.

लॅबमधून अपलोड २० एमबीपीएस मिळतो असं धरू. लक्षात ठेवा, लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये, म्हणून आठने गुणायचं. पहिली पूर्ण प्रत वर जायला ६०० × ८ = ४,८०० गिगाबिट, म्हणजे ६६ तासांहून जास्त, पावणेतीन दिवस. त्यानंतर फक्त बदललेले ब्लॉक पाठवायचे, रोजचे ८ जीबी, ५३ मिनिटं. इथवर सगळं छान दिसतं. डॅशबोर्डवर रोज सकाळी हिरवी खूण. सगळे खूश.

आता उलटं गणित करा. परत आणताना "फक्त बदललेले ब्लॉक" ही सवलत नाही, अख्खे ६०० जीबी खाली यायला हवेत. १०० एमबीपीएसच्या लाइनवर कागदोपत्री १३ तास २० मिनिटं. प्रत्यक्षात साठ टक्के वेग मिळाला तर बावीस तास. आणि संकटाच्या दिवशी ती लाइनच नसते. मोबाइल हॉटस्पॉटवर १० एमबीपीएस मिळाले तर साडेपाच दिवस, तेही फोनचं चार्जिंग टिकलं तर.

रोज ५३ मिनिटांत वर जाणारी गोष्ट खाली यायला साडेपाच दिवस घेऊ शकते. बॅकअपच्या सॉफ्टवेअरची हिरवी खूण या दिशेबद्दल एक अक्षर सांगत नाही.

काय परत आणायचं, कुठे

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत.

पहिला उपाय तंत्रज्ञानाचा नाहीच, विचाराचा आहे. त्या ६०० जीबीत पुन्हा न मिळणारं काय? उपग्रहाची चित्रं मोफत आहेत, पुन्हा उतरवता येतील. यादी जपून ठेवली की झालं. मॉडेलची आउटपुटं कोड आणि इनपुटवरून पुन्हा काढता येतील, वेळ जाईल पण येतील. सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येतं, पायऱ्या लिहिलेल्या असतील तर. उरला ४० जीबीचा डेटाबेस. मे महिन्याच्या शेवटी विहिरीचं पाणी किती खारट होतं हे जूनमध्ये पाऊस पडल्यावर कुठूनही कळणार नाही. ते रीडिंग गेलं म्हणजे गेलं, पुढच्या मेपर्यंत थांबा, आणि पुढचा मे वेगळा असेल.

म्हणून व्हीएमची एकच मोठी डिस्क ठेवू नका. वेगवेगळ्या डिस्क करा: सिस्टिमची एक, डेटाबेसची एक, बाकी पसाऱ्याची एक. मग आधी काय आणायचं हे निवडता येतं. डेटाबेसचे ४० जीबी साठ टक्के वेगाने दीड तासात येतात. हॉटस्पॉटवर नऊ तास, पण एका दिवसात बसतं.

इथे एक गोष्ट जोडतो, जी डीआरच्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. सेन्सरच्या डेटा लॉगरमध्ये मेमरी कार्ड घाला आणि महिन्याभराची रीडिंग तिथेही राहू द्या. व्हीएम तीन दिवस बंद राहिली तरी परत आल्यावर लॉगरकडून मधली रीडिंग मागून घेता येतात. तुमचा बॅकअप चोवीस तासांचा असूनही मूळ डेटाचा आरपीओ जवळपास शून्यावर येतो. एका मेमरी कार्डाच्या किमतीत.

दुसरा उपाय: डेटा खाली ओढूच नका, मशीनच वर उभं करा. प्रत क्लाउडमध्ये आहे, तर व्हीएमही तिथेच सुरू करायची. वसईत वीज नसली तरी हैदराबादमधल्या मशीनला फरक पडत नाही. तुम्हाला खिडकीसारखं फक्त त्यात डोकवायचंय, आणि त्याला हॉटस्पॉट पुरतो.

ही कल्पना संशोधनात नवी नाही. टिमोथी वूड आणि सहकाऱ्यांचा २०१० च्या हॉटक्लाउड कार्यशाळेतला निबंध नक्की वाचा, छोटा आहे. त्यांचा मुद्दा पैशांचा होता. डीआरसाठी दुसरी जागा बांधायची म्हणजे वर्षभर रिकामी बसणारी यंत्रं पोसायची. क्लाउडमध्ये मात्र एरवी फक्त साठवणुकीचं आणि एखाद्या लहान मशीनचं भाडं द्यायचं, मोठी मशीन्स संकटाच्या दिवशीच चालू करायची. उद्योगात याच्या एका प्रकाराला "पायलट लाइट" म्हणतात. गॅस गिझरमधली छोटी ज्योत डोळ्यांसमोर आणा.

याच्या दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर २००८ चा रीमस हा पेपर बघा. त्यात चालू व्हीएमची स्थिती सेकंदाला चाळीस वेळांपर्यंत दुसऱ्या मशीनवर पाठवली आहे, म्हणजे पहिलं मशीन पडलं तरी दुसरं जवळपास त्याच क्षणापासून पुढे चालतं. वाचायला सुंदर, पण विहिरींच्या रीडिंगसाठी अजिबात गरज नाही. आपल्याला किती कमी पुरतं हे ठरवणं हासुद्धा डीआरचाच भाग आहे.

"वरच उभं करू" म्हणणं सोपं, करताना खडे लागतात. लॅबच्या केव्हीएमवर तुमच्या डिस्कचं नाव व्हीडीए असतं, अॅमेझॉनच्या मशीनवर ती एनव्हीएमई म्हणून दिसते. एफएसटॅब फाइलमध्ये डिस्क नावाने लिहिली असेल तर मशीन सुरूच होत नाही, यूयूआयडीने लिहिली असेल तर होतं. नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, त्याचा ड्रायव्हर आधी बसवलेला लागतो. काही सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनच्या पत्त्याला बांधलेलं असतं, तेही वर जाऊन रुसतं. शेकडो जीबीची डिस्क इमेज क्लाउडच्या स्वरूपात रूपांतरित करायलाच तास जातात. आणि स्नॅपशॉटवरून बनवलेली डिस्क लगेच दिसली तरी तिचे ब्लॉक मागून, लागतील तसे भरत असतात, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना डेटाबेस रांगतो. यातलं काहीही संकटाच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये. सिस्टिमची डिस्क आधीच रूपांतरित करून तिथे तयार ठेवा, संकटाच्या दिवशी फक्त डेटाबेस चढवा.

स्वस्त म्हणून सगळं अर्काइव्ह प्रकारच्या साठवणीत टाकायचा मोहही होतो. अॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप अर्काइव्हमध्ये ठेवलेली फाइल नेहमीच्या मार्गाने मागितली तर हातात यायला बारा तासांपर्यंत लागू शकतात, स्वस्तातल्या मार्गाने ४८. जुनी आउटपुटं तिथे ठेवा, डेटाबेस नको.

प्रत खरोखर वेगळी आहे का

व्हीएमचा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर बसलेला असतो, डिस्क गेली की दोघंही जातात. शिवाय चालू मशीनचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्क जशी दिसेल तशी स्थिती. फाइल सिस्टिम सावरते, डेटाबेसही सहसा सावरतो, पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टची अर्धवट सीएसव्ही सावरत नाही. स्नॅपशॉटच्या आधी क्षणभर लिहिणं थांबवायची सोय असते, केव्हीएममध्ये गेस्ट एजंट हे काम करतो. तो बसवलाय का, बघा. डेटाबेसचा वेगळा डंपही रोज घ्या.

मग प्रश्न जागेचा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. काही ग्राहकांनी बॅकअपचे पैसे भरले होते, पण त्यांची प्रत त्याच इमारतीत होती. प्रकरणं न्यायालयात गेली. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याची बाहेर प्रत नव्हती, कारण आकार फार मोठा आहे असं मानलं गेलं होतं.

आपल्यासाठी यातून काय? अॅमेझॉनचं मुंबई क्षेत्र २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई, चेन्नई अशी केंद्रं २०१५ पासून आहेत. वसईच्या पुरासाठी मुंबईतली प्रत पुरावी, डेटा सेंटरांना स्वतःचे जनरेटर असतात. तरी ४० जीबीची दुसरी प्रत हैदराबादला ठेवायचा खर्च इतका कमी आहे की वाद घालण्यात अर्थ नाही.

पण माझ्या मते संशोधकाने आगीपेक्षा जास्त घाबरावं ते पुसून टाकण्याच्या अधिकाराला. क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरच्या साठवणीतून ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइल पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत येणार नव्हता. पुसणारा प्रोग्राम कोणता? बॅकअपचाच. तो चालू असताना त्याची स्क्रिप्ट बदलली गेली आणि जुने लॉग पुसायची आज्ञा खऱ्या फाइलींवर चालली. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगलवरचं खासगी क्लाउड दोन्ही भौगोलिक ठिकाणांहून एकदम नाहीसं झालं, कारण सेटअपच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता. दोन शहरं होती, पण खातं एक होतं. सावरायला दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतींची मदत झाली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअर शिरलं, पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. संसर्ग न पोचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून तो परत आणला गेला, पण तोवर रुग्णालयाचं कितीतरी काम हाताने चाललं.

म्हणून: तुमच्या व्हीएमला क्लाउडवर लिहायची परवानगी असावी, पुसायची नसावी. क्लाउडवर ठरावीक दिवस फाइल कोणालाच पुसता येऊ नये अशी कुलपाची सोय असते, ती चालू करा. आणि एक प्रत अशी ठेवा की जिचा पासवर्डच वेगळा आहे, मग ती तुमच्या कपाटातली हार्ड डिस्क का असेना. वसईतला दमटपणा लक्षात घेता सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

एन्क्रिप्शनची किल्ली त्याच व्हीएममध्ये ठेवलेली मी पाहिली आहे, एकाहून जास्त ठिकाणी. तिजोरी आत आणि तिची चावीही आत.

कोण म्हणणार, "आता हलवा"?

हा भाग कोणाला आवडत नाही, कारण यात सॉफ्टवेअर नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला सुरू झाले. डीआर साइट होती. व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत, आणि का नाही असं सेबीने विचारलं. पुढच्याच महिन्यात सेबीने बाजारांसाठी नियम कडक केले: बिघाडानंतर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची की नाही हे ठरवा, जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम सुरू करा, आरपीओ १५ मिनिटं. यातला पहिला आकडा बघा. तो यंत्राचा वेग नाही, माणसाच्या घुटमळण्यावर घातलेली मर्यादा आहे. "अजून दहा मिनिटं थांबू, येईल लाइट" यात चार तास कसे जातात हे आपल्याला कोणी सांगायला नको.

तुमच्या योजनेत हे एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, मशीन सहा तास दिसलं नाही तर क्लाउडवर सुरू करायचं, हे अमुक व्यक्ती ठरवेल, ती उपलब्ध नसेल तर तमुक. गाइडला आधीच दाखवून ठेवा. रात्री अकराला सरांना फोन करून "सर, हलवू का?" विचारायची वेळ येऊ नये.

आणि त्या व्यक्तीला खात्यात शिरता आलं पाहिजे. क्लाउडचं मुख्य खातं बऱ्याचदा पास होऊन गेलेल्या सीनियरच्या ईमेलवर असतं. लॉगिनसाठी ओटीपी लागतो आणि त्या दिवशी मोबाइलला रेंज नसते. रिकव्हरी कोड छापून ठेवता येतात, ते दोन वेगळ्या घरी ठेवा, एक शक्यतो वसईबाहेर. बिलाचंही बघा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ठरावीक रकमेपेक्षा मोठं बिल कार्डावरून आपोआप कापलं जात नाही, दर वेळी संमती द्यावी लागते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. बिल थकलं, सूचनेचे मेल सीनियरच्या इनबॉक्समध्ये पडून राहिले आणि खातं गोठलं, तर पूर न येताही तुमचा बॅकअप गेला.

योजना कागदावर असू द्या, प्लास्टिकच्या पाकिटात. ती त्याच सर्व्हरवर पीडीएफ म्हणून ठेवणारे लोक आहेत.

लाइट आल्यावर

परत येणं हे जाण्यापेक्षा अवघड असतं. समजा दुसऱ्या दिवशी क्लाउडवर व्हीएम चालू केली, सेन्सर तिकडे रीडिंग पाठवायला लागले. तिसऱ्या दिवशी पहाटे वसईत वीज आली. लॅबचा सर्व्हर आपोआप सुरू झाला आणि त्याच्यासोबत तुमची जुनी व्हीएमही. आता एकाच नावाच्या दोन व्हीएम आहेत, काही सेन्सर इकडे लिहितात, काही तिकडे, आणि रात्री दोनला जुनी व्हीएम आपला शिळा डेटा बॅकअप म्हणून वर पाठवते. या स्थितीला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. नंतर हे दोन डेटाबेस जुळवणं म्हणजे वाटणीवरून भांडलेल्या भावांच्या सातबाऱ्यासारखं.

उपाय साधे आहेत. लॅबमधल्या व्हीएमचं ऑटोस्टार्ट बंद ठेवा, ती माणसानेच सुरू करायची. सेन्सरला आयपी पत्ता देऊ नका, नाव द्या, आणि त्या नावाच्या डीएनएस नोंदीची मुदत चोवीस तासांऐवजी पाच मिनिटं ठेवा. प्रत्येक रीडिंगसोबत सेन्सरचा क्रमांक आणि सेन्सरची स्वतःची वेळ साठवा, म्हणजे दोन्हीकडे आलेली नोंद ओळखून एकच ठेवता येईल. परत यायचा दिवस तुम्ही निवडायचा, वीज कंपनीने नाही.

सराव

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. डंप कित्येक दिवस निघतच नव्हता, कारण डंप काढणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि अपयशाचे मेल मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वी एकाने भलत्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत, आणि ती परत कॉपी व्हायला सुमारे १८ तास लागले. कंपनीने हा सगळा वृत्तान्त जाहीरपणे लिहिला आहे. संशोधनातली नकारात्मक निष्पत्ती कशी लिहावी याचा नमुना म्हणूनही वाचा.

शेअर बाजाराचं उलटं उदाहरण बघा. २ मार्च २०२४, शनिवार. बाजार खास उघडला गेला, पहिलं सत्र नेहमीच्या यंत्रणेवर, मग मध्यंतर, आणि दुसरं सत्र डीआर साइटवर, खऱ्या पैशांनी. पुन्हा १८ मे ला तेच. सुट्टीच्या दिवशी, सगळं ठीक असताना.

कोकणपट्टीत मे महिन्यात आगोटीची बेगमी करतात: लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ-मसाला. तुमचा सरावही तेव्हाच करा, विद्यापीठाला सुट्टी असते. एक दिवस ठरवा. लॅबची व्हीएम बंद करा. घरी बसा, लॅबच्या नेटवर्कला हात लावू नका, फोनचा हॉटस्पॉट वापरा, आणि फक्त छापील कागद बघून क्लाउडवर मशीन उभं करा. शक्य असेल तर ते तुम्ही करूच नका, ज्युनियरला करू द्या आणि तुम्ही गप्प बसून तो कुठे अडतो ते टिपा.

घड्याळ लावून वेळा लिहा: बिघाड कळायला किती, निर्णयाला किती, डेटा चढायला किती, मशीन सुरू व्हायला किती, बरोबर चाललंय हे तपासायला किती. या पाचांची बेरीज म्हणजे तुमचा खरा आरटीओ. लोक सगळा जोर तिसऱ्या टप्प्यावर लावतात. तुमचा वेळ कुठे जातो ते तुमच्याच आकड्यांत दिसेल. दोन-तीन सरावांचे हे आकडे हाताशी असले तर प्रबंधातल्या पद्धती विभागात "डेटा सुरक्षितता" खाली लिहायला काहीतरी खरं असतं, नाहीतर सगळेच "नियमित बॅकअप घेतला" लिहितात.

तपासताना मशीन सुरू झालं एवढ्यावर समाधान मानू नका. डेटाबेसमधल्या नोंदी मोजा, शेवटच्या रीडिंगची वेळ बघा, फाइलींचे चेकसम वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवलेत त्यांच्याशी जुळवा. आणि तुमच्या एखाद्या जुन्या आलेखामागचा आकडा पुन्हा काढून बघा. तोच आला पाहिजे, शेवटच्या दशांशापर्यंत. नाही आला तर लायब्ररीची आवृत्ती बदलली आहे, आणि हे पूर यायच्या आधी कळलेलं बरं.

सराव संपल्यावर क्लाउडवरचं मशीन नुसतं थांबवू नका. थांबवलेल्या मशीनचीही डिस्क आणि राखून ठेवलेला पत्ता भाडं खात राहतात. आधी बघा, ज्युनियरने त्यावर काही नवं साठवलं नाही ना, मग दोन्ही काढून टाका, आणि बिलाच्या पानावर दुसऱ्या दिवशी एकदा नजर टाका.